माहीमची बुधवारची नोव्हेना: कोणी करावी, कशी करावी, कुठे चुकतं

संकटात सापडलेल्या माणसाला मुंबईत एक सल्ला हमखास मिळतो: माहीमला जा, नऊ बुधवार कर. सल्ला देणारा ख्रिस्तीच असतो असं मुळीच नाही. शेजारच्या काकू असतील, लोकलच्या डब्यातली मैत्रीण असेल, नाहीतर मुलाच्या क्लासचे सर. तिथे गेल्यावर नेमकं काय होतं, नऊ आठवडे कसे घालवायचे आणि कशाने सगळी खटपट वाया जाते, हे सांगणारं मात्र फारसं कोणी भेटत नाही. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये येशूच्या आईपुढे, मरीयेपुढे, नऊ बुधवार करायच्या या प्रार्थनेचं, म्हणजे नोव्हेनेचं, हे परीक्षण त्यासाठीच.

मत आधी सांगून टाकतो. नोकरी गेली, घरात मोठं दुखणं आलं, मूल होत नाही, कोर्टाच्या तारखा संपत नाहीत, जवळचं माणूस गेलं, अशा कुठल्याही ओझ्याखाली असलेल्याने ही नोव्हेना जरूर करावी. ती मोलाची आहे ती तिच्या लांबीमुळे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की दुःखातही आनंद सापडतो आणि त्या वाटेवर माणूस आतून वाढतो. हे खरं आहे, पण पहिल्याच दिवशी ऐकवलं तर जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं. आधी गाऱ्हाणं, मग ऐकून घेणं, मग उशिरा कधीतरी आनंद, असा त्याचा क्रम आहे आणि त्याला आठवडे लागतात. हा वेळ माहीमची नोव्हेना देते. क्रम मात्र आपला आपल्याला पाळावा लागतो, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं.

चर्च मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी आहे. पोर्तुगीज अमलात १५३४ साली ते उभं राहिलं, आजची इमारत १९७३ सालची. १७३९ साली मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरचं माउंट मेरीचं देऊळ उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथल्या मरीयेच्या मूर्तीला याच चर्चने आसरा दिला. १७६१ साली ती परत वांद्र्याला गेली. नोव्हेना सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ रोजी. मरीयेच्या जन्माचा तो सण त्या वर्षी बुधवारी आला होता. तेव्हापासून बुधवार म्हटलं की माहीम, हे समीकरण शहरात रुजलं.

नऊच का, हेही माहीत असलेलं बरं. येशू स्वर्गात गेल्यानंतर त्याचे शिष्य, काही स्त्रिया आणि मरीया एका माडीवर एकत्र प्रार्थना करत थांबले होते. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात ते आलं आहे. स्वर्गारोहणापासून पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत मधले नऊ दिवस होतात. त्या लोकांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. गुरू डोळ्यांदेखत निघून गेला होता, बाहेर भीती होती, आणि करण्यासारखी एकच गोष्ट होती: एकमेकांसोबत थांबणं. नोव्हेना म्हणजे हे थांबणं. माहीमला दिवसांच्या जागी आठवडे आले, इतकंच.

जायचं कसं, ते थोडक्यात. पश्चिम किंवा हार्बर मार्गाने माहीम स्टेशनला उतरून पश्चिमेला बाहेर पडायचं, तिथून चालत साधारण दहा मिनिटं. चर्च लेडी जमशेदजी रोडवर, वांद्र्याकडे जाणाऱ्या कॉजवेच्या आधी आहे. मेट्रो ३ ने येणाऱ्यांनी शीतलादेवी स्टेशनला उतरून त्याच रस्त्याने उत्तरेकडे यावं, अंतर जरा जास्त पडतं. गाडी आणू नये. बुधवारी त्या रस्त्यावर गाडी उभी करायला जागा शोधण्यात प्रार्थनेची वेळ निघून जाते आणि डोकं तापतं ते वेगळंच. उपासना दिवसभर ठरावीक वेळांना, वेगवेगळ्या भाषांत होते. मराठीची वेळ आधी चर्चच्या फलकावर किंवा ऑफिसात पाहून घ्या, कारण सणांच्या आठवड्यात वेळा हलतात. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर सर्वांत जास्त गर्दी असते. वृद्धांना किंवा आजाऱ्यांना घेऊन येणार असाल तर सकाळ किंवा दुपार गाठा आणि निदान वीस मिनिटं आधी पोहोचा, नाहीतर बाहेर उभं राहून लाउडस्पीकरवर ऐकावं लागेल. २७ जून आणि ८ सप्टेंबर या सणांच्या जवळचा बुधवार पहिल्यांदा येणाऱ्याने टाळावा.

फाटकाबाहेर मेणबत्त्या, फुलं, हार आणि मेणाच्या आकृत्या विकणारे बसतात. घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर बाळ, गुडघा दुखत असेल तर पाय. या आकृत्यांवर नाक मुरडणारे असतात, आम्ही त्यांच्यात नाही. आपलं दुखणं हातात धरून आईपुढे ठेवायचं ही भावना आपल्या मातीतली आहे आणि खरी आहे. फक्त एवढं लक्षात असू द्या की नोव्हेनेला त्याची गरज नाही. एक साधी मेणबत्ती पुरते, तीही नसली तरी चालतं. जितकी मोठी आकृती तितकं लवकर काम होतं असं कोणी सांगत असेल तर पुढे चालू लागा.

आत काय होतं? गीत, मरीयेची नोव्हेना प्रार्थना, लोकांनी लिहिलेल्या विनंत्यांचं आणि आभारपत्रांचं वाचन, फादरांचं छोटं प्रवचन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि आशीर्वाद असा साधारण साचा. काही वेळांना सोबत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, असते. मिस्सेत ओस्ती, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घ्यायला रांग लागते, पण ती ज्यांनी पहिलं कम्युनियन घेतलं आहे अशा कॅथलिकांसाठीच असते. इतरांनी जागेवर हात जोडून बसावं, त्यात कमीपणा काही नाही. हिंदू, मुस्लिम, पारशी सगळे तिथे असतात आणि कोणी कोणाला जात विचारत नाही. बसायचं, उभं राहायचं, गुडघे टेकायचं, हे पुढच्या बाकाकडे पाहून आपोआप जमतं.

सगळ्या उपासनेत आम्हांला सर्वांत थोर वाटतात ती पत्रं. एका पत्रात कोणी मुलीच्या किडनीसाठी विनवतं, पुढच्या पत्रात कोणी दारू सुटली म्हणून आभार मानतं. आपलं दुःख एकट्याचं नाही हे कळायला याहून सरळ मार्ग नाही. स्वतःचं संकट घेऊन आलेला माणूस दहा मिनिटांत अनोळखी माणसाच्या किडनीसाठी मनापासून "आमेन" म्हणतो. आध्यात्मिक वाढ म्हणतात तिची पहिली पायरी ही, आणि ती न कळत चढली जाते.

आता ज्या चित्रातल्या मरीयेपुढे ही नोव्हेना होते त्याविषयी, कारण या उपासनेचं मर्म तिथे आहे आणि गर्दीत मागून त्याचे तपशील दिसत नाहीत. निरंतर साहाय्य करणारी माता या नावाने ओळखलं जाणारं हे मरीयेचं मूळ चित्र रोममधल्या संत आल्फॉन्सच्या चर्चमध्ये आहे. पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेतलं, लाकडी फळीवर सोनेरी पार्श्वभूमीवर रंगवलेलं. मधली कित्येक वर्षं ते विस्मरणात गेलं होतं. पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट धर्मसंघाच्या फादरांच्या हाती सोपवलं आणि १८६६ पासून ते लोकांच्या दर्शनाला खुलं झालं. माहीममध्ये ज्या मातेपुढे गुडघे टेकतात ती हीच.

बाहेरच्या दुकानातून चित्राची लहान प्रत घ्या आणि घरी निवांत पाहा. मरीयेच्या कडेवर बाळ येशू आहे, पण तो आईकडे पाहत नाही, आपल्याकडेही नाही. मान वळवून तो वर, एका देवदूताकडे पाहतो आहे. उजव्या बाजूला गॅब्रिएल आहे, त्याच्या हातात क्रूस आणि खिळे. डाव्या बाजूला मायकल, त्याच्या हातात भाला, बोरूवरचा स्पंज आणि आंबेचं, म्हणजे शिरक्याचं, भांडं. म्हणजे पुढे जे भोगायचं आहे ते सगळं त्या लेकराला आत्ताच दिसलं आहे. घाबरून ते आईकडे इतक्या जोरात धावलं की पायातल्या एका चपलेचा बंद सुटला आणि ती लोंबकळते आहे. दोन्ही हातांनी त्याने आईचा हात घट्ट धरला आहे.

आईने मात्र देवदूतांना हाकललेलं नाही. क्रूस तिथेच आहे, भालाही तिथेच. ती लेकराला धरून आहे आणि तिचे डोळे आपल्यावर लागले आहेत. दुःखाविषयी ख्रिस्ती श्रद्धेचं जे म्हणणं आहे ते या चित्रात पूर्ण आलं आहे: संकट टळेलच असं वचन नाही, धरलेला हात सुटणार नाही असं वचन आहे. आणि ज्या चर्चमध्ये तुम्ही बसला आहात ते मायकलच्या नावाचं, भाला धरलेल्या त्याच देवदूताचं. ही सांगड आम्हांला फार मोलाची वाटते. पार्श्वभूमी सोनेरी आहे तेही उगाच नाही. या परंपरेत सोनं म्हणजे देवाचा प्रकाश. वेदनेची हत्यारं काळोखात रंगवलेली नाहीत, त्याच प्रकाशात रंगवली आहेत.

नऊ आठवड्यांत काय वाचावं, याचा एक क्रम सुचवतो. बुधवारी उपासना आणि आठवडाभर रोज रात्री तोच एक उतारा, पाच मिनिटं, शक्यतो मोठ्याने.

पहिले तीन बुधवार फक्त गाऱ्हाण्याचे. बायबलमधलं स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांत "कुठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. दुसऱ्या आठवड्यात स्तोत्र २२, ज्याची पहिली ओळ येशूने क्रूसावर उच्चारली: माझ्या देवा, तू मला का सोडलंस. तिसऱ्या आठवड्यात स्तोत्र ८८. हे कठीण आहे, कारण शेवटी उजेड नाही, अंधारातच संपतं. म्हणूनच ते वाचायचं. बायबलमध्ये असं स्तोत्र ठेवलं गेलं आहे, याचा अर्थ तुमची अंधारात संपणारी प्रार्थनाही प्रार्थनाच आहे. या तीन आठवड्यांत आनंदी व्हायचा प्रयत्न करू नका. मेलेल्या मित्राच्या, लाजारच्या, थडग्याशी येशू रडला, आणि त्याला उठवणार हे माहीत असूनही रडला.

चौथ्यापासून सहाव्यापर्यंत प्रेषित पौलाची पत्रं. आधी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय. पौलाच्या शरीरात काही काटा होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर आलं. नोव्हेना करणाऱ्या प्रत्येकाने हे चौथ्याच आठवड्यात वाचावं, नवव्याची वाट पाहू नये. पुढे रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय, तीन ते पाच ओव्या: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं मन, त्यातून आशा. यात आशा शेवटी येते हे नीट पाहा. मग फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. आनंद करा म्हणून पुन्हा पुन्हा सांगणारं हे पत्र पौलाने बेड्यांत असताना लिहिलं, आणि कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे असं तो म्हणतो. त्यालाही ते शिकावं लागलं. एका बुधवारात आलं नसेल.

शेवटचे तीन आठवडे आनंदाचे. सातव्यात पेत्राचं पहिलं पत्र, पहिला अध्याय, सहावी-सातवी ओवी, अग्नीत पारखलेल्या सोन्याची. आठव्यात याकोबाचं पत्र, पहिला अध्याय, दोन ते चार ओव्या: परीक्षा आल्या की आनंद माना, कारण त्यातून टिकाव तयार होतो. ही ओवी संकटाच्या पहिल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची जी पद्धत पडली आहे ती थांबायला हवी. ती खोटी नाही, पण तिची जागा आठव्या आठवड्यात आहे. नवव्यात हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक, तिसरा अध्याय, सतरा आणि अठरा ओव्या. अंजिराला फुलोरा नाही, वेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी प्रभूच्या ठायी आनंद करीन. मराठवाड्यातून किंवा कोकणातून मुंबईत आलेल्या कुटुंबाला या ओव्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

विनंतीचं पत्र कसं लिहावं याचेही चार शब्द. अर्धं पान पुरे. काय झालं आहे ते सरळ लिहा, किती दिवसांपासून आहे ते लिहा, काय मागता आहात ते एका वाक्यात लिहा. शेवटी या आठवड्यात तुम्ही स्वतः काय कराल ते एक काम लिहा: डॉक्टरांची वेळ घेईन, भावाला फोन करीन, अर्ज भरीन. हे शेवटचं वाक्य बहुतेक पत्रांत नसतं आणि त्यानेच सर्वांत मोठा फरक पडतो. शेजाऱ्याचं किंवा सुनेचं नाव, आजाराचं खाजगी वर्णन, फोन नंबर घालू नका, पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाऊ शकतं. कोणाचं वाईट व्हावं अशी मागणी तर नकोच.

आता चुका. एक बुधवार चुकला की पहिल्यापासून सुरू करायचं, ही समजूत घट्ट बसलेली आहे. चर्चची तशी शिकवण नाही. ताप आला, पाळी आली, पावसात लोकल बंद पडली, पुढच्या बुधवारी या आणि मोजणी पुढे चालू ठेवा. पाळीमुळे चर्चमध्ये यायला कसलीही मनाई नाही, हेही सांगून ठेवतो. बाकावर कधीकधी प्रार्थनेचे कागद सापडतात: याच्या इतक्या प्रती काढून वाटा, नाहीतर अनर्थ होईल. ते कागद चर्चचे नसतात. फाडून टाका आणि मनात भीती ठेवू नका.

याहून खोल चूक म्हणजे सौदा. मूल झालं तर सोन्याची साखळी, केस जिंकली तर अमुक हजार. अशाने नऊ आठवडे मन फक्त निकालाकडे लागून राहतं, आणि निकाल उलटा लागला की श्रद्धाही जाते. मागणं गैर नाही, जरूर मागा, स्पष्ट मागा. पण मागण्याबरोबर रोज एक प्रश्नही विचारा: या दुःखात मला आज कोणाशी मऊ वागता येईल? नऊ आठवड्यांनी मोजायला काहीतरी हाताशी राहतं.

तिसरी चूक जिवावर बेतते. नोव्हेना चालू आहे म्हणून केमो पुढे ढकलणं, मधुमेहाची गोळी बंद करणं, मनाच्या आजाराचं औषध सोडणं, यातलं काहीही श्रद्धा नाही. आजाऱ्यांना आशीर्वाद देणारे फादरही डॉक्टरांकडे जा असंच सांगतील. जगणं नकोसं वाटत असेल तर बुधवारपर्यंत थांबू नका, १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं. आणि घरात मारहाण होत असेल तर "क्रूस समजून सोस" हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नका. येशूने क्रूस स्वतःहून उचलला होता. दुसऱ्याच्या हातचा मार खाणं म्हणजे क्रूस नव्हे. महिला हेल्पलाइन १८१ आहे. तिथे फोन करा आणि नोव्हेनाही करा, दोन्हींत विरोध नाही.

उणिवाही आहेत. शांतता फार कमी मिळते, एक उपासना संपताच दुसरीची गर्दी आत येते आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसावं तर धक्के लागतात. ज्यांना मौन हवं आहे त्यांनी बुधवारी उपासना करावी आणि आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी दुपारी नुसतं येऊन बसावं. प्रवचन कोणाचं लाभेल यावर बरंच अवलंबून असतं. चमत्कारांची आभारपत्रं ऐकून, ज्याचं मागणं पुरं झालेलं नाही त्याला आपलंच काही चुकलं असं वाटू शकतं. यावर उपासनेत अधिक बोललं जावं असं आम्हांला मनापासून वाटतं. फादरांशी एकट्याने बोलायचं असेल तर बुधवारच्या गर्दीत तो वेळ मिळत नाही. ऑफिसात विचारून दुसरा दिवस ठरवा. पापनिवेदन करायचं असेल तर त्याची वेळही तिथेच विचारा.

विरारहून किंवा कल्याणहून नऊ वेळा येणं परवडत नसेल, किंवा घरात आजारी माणसाला सोडून निघता येत नसेल, तर पहिला आणि नववा बुधवार माहीमला करा आणि मधले आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये. मुंबई-वसईतल्या पुष्कळ चर्चमध्ये बुधवारी हीच नोव्हेना होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ बसून चित्राची प्रत समोर ठेवून त्याच वेळी प्रार्थना केली तरी ती नोव्हेनाच. नऊ बुधवार झाले की आभारपत्र लिहायचं असतं, मागणं पुरं झालं असो वा नसो. झालं नसेल तर नऊ आठवड्यांत कोण भेटलं, कोणाशी अबोला संपला, कोणत्या रात्री झोप लागली, ते लिहा आणि खाली आपलं मागणं पुन्हा एकदा लिहून पेटीत टाका.